कातरीनबायच्या ओसरीवर

नगरहून नणंदेकडे निघताना मी ह्यांना बजावलं होतं, "कुणी प्रार्थनेला बसवलं तर दुसऱ्याच दिवशी परत येईन." ह्यांनी पिशवी तेवढी एसटीत चढवून दिली.

आमचा आशिष काविळीने गेला त्याला वर्ष होत आलं होतं. एकोणीस वर्षांचा होता. तेव्हापासून दर रविवारी मी चर्चमध्ये जाऊन बसायचे, पण ओठ हलायचे नाहीत. भेटायला येणारा प्रत्येक जण 'देवाची इच्छा' म्हणायचा आणि चहा पिऊन जायचा. अशा देवाशी काय बोलायचं?

ही नव्वद सालच्या आसपासच्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी नणंद शालन इस्पितळात परिचारिका. मुंबईतली चाळ सोडून ती मीरा रोडला, पूनम सागर वसाहतीत राहायला आली होती. इमारती कोऱ्या, रस्ते अजून मातीचे, आणि गॅलरीतून पाहिलं की लांबवर मिठागरं. उन्हात मिठाचे ढीग असे झगझगायचे की डोळे बारीक करावे लागत. खाली गुजराती वाणी, शेजारी पंजाबी. शालन सगळ्यांशी फर्डं हिंदी बोलायची. माझं हिंदी ऐकून वाणी हसला आणि वर मूठभर शेंगदाणे देऊन गेला. गाव मला आवडून गेलं.

रविवारी शालन म्हणाली, "वहिनी, उत्तनला जाऊ. माझ्याबरोबरची फिलोमिना कधीची बोलावतेय."

भाईंदर पश्चिमेहून बस निघाली. राई, मोर्वा ही गावं मागे पडली, डोंगरीचा चढ संपला आणि एकदम समुद्र दिसला. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्यांवर (मासे वाळवायच्या मांडवांवर) बोंबील झालरीसारखे लटकत होते. मी देशावरची बाई. तो वास नाकात गेला तशी पदर लावला, पण नजर हटेना. त्यातच वाळूत चपलेचा अंगठा तुटला. फिलोमिनाच्या दारात पोचले ती एक चप्पल हातात घेऊन.

फिलोमिना दारातच उभी होती. चेहरा उतरलेला. "शेजारची कातरीनबाय आहे ना, तिचा मुलगा पास्कोल मासेमारीहून परवाच यायचा होता. बोट आलीच नाही. तुम्ही जेवून घ्या, मी तिच्याकडे बसते."

आम्ही कसल्या जेवतो? तिच्या मागोमाग गेलो.

कातरीनबायच्या ओसरीवर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. चूल पेटली नव्हती. कुणी भात आणून ठेवत होतं, कुणी फुगे (नारळाच्या दुधातल्या पिठाचे तळलेले गोळे). माळेची प्रार्थना चालली होती. त्या कॅथलिक, आम्ही प्रोटेस्टंट, मला ती येत नव्हती. 'देवाची इच्छा' असं तिथे कुणीच म्हणालं नाही. एक म्हातारी तर समुद्राकडे पाहून देवाला खडसावत होती, "आनून दे त्याला! आयकतंस का न्हाय?" आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

कातरीनबायने मला पाहिलं. ओळख ना पाळख. तरी सरकून जागा केली.

"तुला पोरं किती गो, बाय?"

या प्रश्नाला मी वर्षभर 'एक मुलगी' असंच उत्तर देत आले होते. मुलाचं सांगितलं की पुढचंही सांगावं लागे. त्या दिवशी तोंडून निघून गेलं, "दोन. एक मुलगी आहे. मुलगा गेला."

"नाव काय त्याचा?"

"आशिष."

तिने माझा हात धरला आणि पुढच्या प्रार्थनेला दोन्ही नावं घेतली, पास्कोल आणि आशिष. माझ्या मुलाचं नाव इतक्या मोठ्याने मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मग माझ्याही मनात शब्द उमटले: 'प्रभू, हिचा तरी परत दे.'

उन्हं कलली तेव्हा किनाऱ्यावरून आरडाओरडा झाला. इंजिन बंद पडून बोट भरकटली होती. दुसऱ्या बोटीने ओढत आणली. गुडघाभर पाण्यातून एक काळासावळा तरणा मुलगा चालत येत होता, उन्हाने ओठ फाटलेला. कातरीनबाय धावत सुटली. बायका रडत-हसत होत्या, मीसुद्धा. पण खरं सांगते, मनात आलंच: हिचा आला. माझा का नाही?

मी मागे सरून भिंतीशी उभी राहिले. तेवढ्यात कातरीनबाय गर्दीतून वळली, मुलाला तसाच सोडून माझ्याकडे आली, आणि माझ्या गळ्यात पडून तिने हंबरडा फोडला.

"माजा आला गो बाय... तुजा न्हाय आला!"

आपल्या आनंदाच्या ऐन घटकेला ती माझ्या मुलासाठी रडत होती. मी वर्षभर कोंडलेलं सगळं तिच्या खांद्यावर मोकळं झालं. बायबलात आहे, मेलेल्या मित्राच्या थडग्यापाशी, आपण त्याला जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही, प्रभू रडला होता. ते का, हे मला त्या बाईच्या मिठीत कळलं.

नगरला स्टँडवर हे घ्यायला आले होते. घरी पोचल्यावर मी सगळं सांगितलं. कातरीनबायने आशिषचं नाव घेतलं, इथपर्यंत आले आणि हे एकदम ओंजळीत तोंड खुपसून रडू लागले. आशिष गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, ह्यांनी दुःख केव्हाच पचवलं. आशिष का गेला, हे मला आजही ठाऊक नाही. पण त्या संध्याकाळी मी ह्यांना 'उगी' म्हटलं नाही. जवळ बसले, आणि दिवेलागणीला आम्ही दोघांनी मिळून, वर्षानंतर पहिल्यांदा, मोठ्याने प्रार्थना केली.