सून की भाची

अंकिता माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते. उंब्रजला हायवेलगतच्या आमच्या ऑफिसात आम्ही बायका दिवसभर कॉम्प्युटरवर गोल आणि रेघा जोडत असतो. गोल म्हणजे माणूस, रेघ म्हणजे नातं. रक्ताचं नातं लाल, लग्नाचं निळं. काम एका आरोग्यसंस्थेचं. पिढीतून उतरणारा आजार कुणाला होऊ शकतो, हे कॉम्प्युटर या जाळ्यावरून ठरवतो आणि फक्त त्यांनाच तपासणीला बोलावतो. बाहेर ती तपासणी आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली नाही.

अंकिता तोंडाळ आणि हसरी. चहाच्या सुट्टीत नवऱ्याच्या नकला करून आम्हाला हसवते. परवा मात्र जोडायला तिचंच घर आलं आणि ती चहालाही उठली नाही.

तिची सासू अंबूबाई डायलिसिसवर आहे. दोन्ही मूत्रपिंडं गेली, आजार घराण्यातला. आणि सासू म्हणजे सख्खी आत्याच. पोरगी आत्याच्या घरी देणं, आमच्या भागात त्यात नवल ते काय! अंकिताचे वडील आष्ट्याला ऐन चाळिशीत गेले. कशाने, ते कुणी तपासलंच नाही. त्यामुळे अंकिताला बोलावणं यायचं तर ते आत्याच्या लाल रेघेवरूनच येणार होतं.

तिने लाल रेघ ओढली. मग निळी ओढायला गेली, तर कॉम्प्युटर घेईना. दोन माणसांत एकच नातं चालेल म्हणे.

तिने आमचं काम बघणाऱ्या पुण्याच्या सरांना स्पीकरवर फोन लावला.

"मॅडम, सून आहेत की भाची? एक काहीतरी ठरवा."

"आवं सर, दोनी हाय की! खोटं कुटलं पुसू?"

"नियम वरूनच ठरवलाय. मलाही बदलता येत नाही हो."

बिचारे अजिजीने बोलत होते, त्यामुळे मला भांडताही येईना. ज्याने हा नियम केला, त्याच्या सात पिढ्यांत कुणी मामाची पोरगी केलेली नसणार!

लाल रेघ ठेवली की नवरा नुसता आतेभाऊ व्हायचा, लग्न चुकीचं ठरायचं आणि तिच्या चार वर्षांच्या लेकीचा, सृष्टीचा गोल जाळ्यातून सुटून कोपऱ्यात जाऊन पडायचा. तिला बोलावणंच येणार नव्हतं. निळी ठेवली की सृष्टी जागेवर, पण अंकिता बाहेर. तिने दोन्ही करून पाहिलं, पुन्हा पुन्हा.

"थांब गं, आपण सगळ्या मिळून वर लिहू," मी म्हटलं.

"मागं लिवलंवतं की. काय झालं?"

काम संध्याकाळी पाठवायचं होतं. तिने लाल रेघ पुसली. मला रडू आलं, तिला नाही.

सुटल्यावर मी तिच्यासोबत घरी गेले. अंबूबाई कॉटवर पडून होत्या.

"घातलंस का गं माझं नाव?"

"घातलं, आत्या."

"आन तुजं?"

"माजंबी. सून म्हनून."

अंबूबाईंनी डोळे मिटले. सुई टोचून काळानिळा पडलेला हात त्यांनी अंकिताच्या हातावर ठेवला.

"बरं केलंस बाई. सुनंला न्हाई लागत हे दुकनं. मला लय घोर हुता, तू दादाची लेक म्हनून."

"व्हय आत्या," अंकिता म्हणाली.

मला तिथे बसवेना.