मामांनी पाठवलेली नावं

शांतवन मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवळात होतो. आम्ही ख्रिस्ती माणसं गावाकडे चर्चला देऊळच म्हणतो. सावेडीहून मामांची मुलगी, रूथताई, बोलत होती. "दादा गेले..." एवढंच म्हणाली. समोर वाचनाचं मेज होतं. त्याच्या खणात काय आहे हे साऱ्या गावात फक्त मला ठाऊक होतं, आणि त्या खणाकडे बघायची माझी हिंमत होईना.

मामा काष्टीजवळच्या आमच्या लहानशा गावातले. चर्चचे पाळक झाले, मामींना घेऊन परदेशी मलावीला गेले आणि वीसेक वर्षं तिकडेच राहिले. आंब्याच्या झाडाखाली पाच-सात माणसं जमवून त्यांनी चर्चची मंडळी सुरू केली. आमच्याकडे उपासनेत आजारी, बाळंतीण, परीक्षेला बसलेलं पोर, सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना होते. मामांनी ती रीत तिकडे नेली आणि तिकडची नावं ते दर महिन्याला पत्रातून इकडे पाठवू लागले. इथल्या मंडळीचा सचिव मी, त्यामुळे वाचायचं काम माझं.

पहिल्याच रविवारी 'म्फात्सो' या नावावर माझी जीभ अडली. मागच्या बाकांवरची पोरं फिसकन हसली. मी शाळामास्तर, वक्तृत्व स्पर्धेला पोरं तयार करणारा. माझं हसं झालेलं मला सोसेना. पुढच्या रविवारी अवघड नावं गाळली. मग "मामांच्या तिकडच्या सर्व भावाबहिणींसाठी" एवढ्यावर भागवू लागलो, आणि वर्षभरात तेही सुटलं. पत्रं खणात जात राहिली. पुढे पुढे तर मी पाकिटंही फोडली नाहीत. हे लिहिताना लाज वाटते.

परत आल्यावर मामा सावेडीला रूथताईकडे राहिले. शेवटचे भेटले तेव्हा खुर्चीत बसून होते.

"विजू, नावं घेतोस ना रे?"

"घेतो ना मामा. दर रविवारी."

मामा म्हणाले, "लई बरं झालं. तिकडची मानसं इचारायची, तुमच्या गावात आमाला कोन वळखतं? मी म्हनायचो, सगळी वळखत्यात, नावानिशी." मग आत हाक मारून म्हणाले, "रूथ, विजूला च्या टाक." तो चहा मी प्यायलो.

मामांना जाऊन तीन आठवडे झाले आणि रूथताईनं मोबाईलवर आलेला एक निरोप मला ऐकवला. मलावीच्या मंडळीतले वडीलधारे थोकोझानी बोलत होते. मामांनी दिलेली आमच्या गावाची नावं ते लोक अजून दर रविवारी घेतात. त्यात माझं नाव आहे. माझ्या बायकोचं, सुमनचंही आहे. मामा परत निघाले त्या सुमारास तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. ती आता बाजाराच्या पिशव्या स्वतः उचलून आणते. थोकोझानी विचारत होते, सुमनबाई चालू लागल्या का?

घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "आन् आपुन त्यांच्यातल्या कोनाचं नाव घेतो?"

संध्याकाळी देवळात जाऊन खण उघडला, बंद पाकिटं फोडली. प्रत्येक नाव मामांनी टपोऱ्या अक्षरात तोडून लिहिलं होतं. म्फा-त्सो. थो-को-झा-नी. खाली एक ओळ: "विजू, सावकाश घे. हसली पोरं तर हसू दे." पोरं हसतात, मी नावं गाळतो, हे त्यांना कळलं होतं, माझ्या आईनंच कळवलं असणार. म्हणजे सावेडीत त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी त्यांनी मला खोटं बोलू दिलं आणि वर चहा पाजला.

आता मी नावं वाचतो. यातलं आज कोण आहे, कोण नाही, मला माहीत नाही, थोकोझानींना विचारलंय. गेल्या रविवारी पुन्हा अडखळलो. मागून कुणीतरी हसलं. मी थांबलो, मामांच्या अक्षरावर बोट ठेवलं आणि पुन्हा सुरुवातीपासून घेतलं... म्फा... त्सो.