हैबतरावांचे चार निवडुंग

खांब गावच्या हैबतरावांनी जन्मभर भातशेती केली आणि जन्मभर पाणी अडवलं. खेकड्यांनी बांधाला पाडलेली भोकं बुजवण्यात त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा शेत मुलाकडे सोपवून ते मुंबईहून येऊन-जाऊन राहणाऱ्या समीक्षाबाईंच्या बंगल्यावर बाग बघायला जाऊ लागले. रिकामं घरी बसायची त्यांना भारी धास्ती. सत्तरीतही कुणाचं तरी आपल्यावाचून अडतं, यावरच गडी टुणटुणीत होता.

वैशाखात बाईंनी दगडगोट्यांच्या वाफ्यात लिंबाएवढे वीस निवडुंग लावले. वाळवंटातले, गुलाबी फुलांचे. "काका, पंधरा दिवसांतून एकदाच पाणी," असं बजावून त्या मुंबईला गेल्या. हैबतरावांना ते पटेना. मुक्या जिवाला असं तहानलेलं ठेवायचं? त्यांनी रोज पाणी घातलं, वर घरून तांदळाचं धुवण आणून ओतलं. महिनाभरात सोळा निवडुंग बुडाशी कुजले.

"हे कशानं झालं?" परत आलेल्या बाईंनी विचारलं.

"खेकडं लागलं," हैबतराव बोलून गेले. भातवाल्याच्या तोंडी दुसरं काय येणार! बाईंना पटलं, आणि तिथेच पंचाईत झाली. पुढच्या शनिवारी त्या खेकडे मारायचं विषारी औषध घेऊन आल्या. ते ओतायचं कुंपणाकडेच्या ओहोळात. पाऊस लागून ओहोळ वाहू लागला होता, आणि खाली गावची गुरं तिथेच पाणी पीत.

म्हातारा कात्रीत सापडला. खरं सांगावं तर काम जाणार, न सांगावं तर गुरं जाणार. बाई डब्याचं झाकण काढू लागल्या, तशी हैबतरावांनी पुढे होऊन डबाच धरला.

"खेकडं नाय, बाई. मीच मारलं. पानी घालून."

बाई भयंकर चिडल्या. मग म्हणाल्या, "चार उरलेत. तेही गेले तर मी दुसरा माळी बघीन."

हैबतरावांनी वाफ्याला उतार काढून दिला, वर पारदर्शक पत्रा घातला. पाऊस सरला. मग पंधरवड्यातला एक दिवस सोडला तर रोज सकाळी भरलेली झारी उचलायची, वाफ्यापाशी यायचं आणि तशीच परत न्यायची. जीव नुसता तुटायचा.

फाल्गुनात चारही निवडुंगांनी डोक्यावर गुलाबी गजरे माळले. हैबतरावांनी सून मनालीला मुद्दाम बघायला आणलं. ती हरखलीच.

"आबा, काय केलंत तरी काय?"

"काय पन नाय केलं गो," ते म्हणाले. "त्येच लय जड गेलं."