भिंगरीच्या वाट्याचं दूध

पाणीपुरवठ्याच्या पंपघरात सगळे त्याला काडीपैलवान म्हणत. हातपाय काडीसारखे, गालफडं बसलेली. पण गंजलेला व्हॉल्व्ह कुणाला हलेनासा झाला की हाक त्यालाच. तो दातओठ खात पान्याला लोंबकळायचा, बाकीचे फिटर पोट धरून हसायचे, आणि तोही त्यांच्याबरोबर हसायचा.

आत मात्र एक जुनी गोष्ट सलत होती. तरुणपणी तो पोलीसभरतीला गेला होता. पळण्यात त्याने भल्याभल्यांना मागे टाकलं, पण छाती मोजायला फीत आली तिथे घोडं अडलं. "श्वास भर. अजून भर," हवालदार म्हणत राहिला. भरून भरून डोळे पांढरे व्हायची वेळ आली, छाती काही भरेना. शेवटी हवालदाराने फीत गुंडाळली. "घरी दूधबिध कधी बघितलंस का रे?" रांगेतली पोरं खो-खो हसली. खरं सांगायचं तर फारसं बघितलं नव्हतंच. त्यांच्याकडे दूध यायचं ते चहात घालायला, आणि तेसुद्धा कुणी पाहुणा टपकला तर.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली. पायाला चाक लावल्यासारखी घरभर पळायची म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी एकदा त्याला बोलावून सांगितलं, "पोरीच्या पायांत दम आहे. खाण्यापिण्याकडे लक्ष द्या." एवढं त्याला पुरे होतं. त्या दिवसापासून त्याने स्वतःचा चहा कोरा केला, बायकोचाही केला, आणि भिंगरीसमोर सकाळ-संध्याकाळ दुधाचा मोठा पेला येऊ लागला. सायीसकट. तो समोर उभा राहायचा. पेला रिकामा झाल्याशिवाय हलायचा नाही.

"बाबा, पोटात कसंतरी होतं."

"ताकद येताना तसंच होतं."

बायकोने एकदा धीर करून विषय काढला. "अहो, पोरगी रोज पोट धरून बसते. फुगतं म्हणते. शाळेत दोनदोनदा संडासला जावं लागतं तिला. दुधाऐवजी दही देऊन बघू का?"

"दह्याने कुणाची हाडं झालीत? सवय होईल," तो म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. जे आपल्याला मिळालं नाही ते लेकीच्या हाडामांसात जातंय, या समाधानात तो रोज कोरा चहा गोड मानून प्यायचा.

भिंगरी पळत राहिली. जिंकायचीही. पण कधी एकदम ढेपाळायची, आणि का ते कुणालाच कळायचं नाही. तिला कळत असावं. ती बोलायची नाही. बोलून पेल्यातलं दूध कमी होत नाही, हे ती लहानपणीच शिकली होती.

मग निवडीची मोठी शर्यत आली. इथून निवड झाली तर राहण्याजेवणासकट प्रशिक्षण मिळणार होतं. काडीपैलवान सुट्टी टाकून मैदानावर हजर. थर्मासमध्ये दूध, त्यात बदामाची पूड.

"बाबा, आज नको. पळून झाल्यावर पिते," भिंगरी काकुळतीला येऊन म्हणाली.

"अगं, आज तर हवंच! आजच्यासाठीच तर सगळं केलं."

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि डोळे मिटून सगळं पिऊन टाकलं.

सुरुवात बाणासारखी झाली. पहिल्या फेरीला ती सगळ्यांच्या पुढे होती आणि तो कठड्यावर चढून ओरडत होता. दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिचा हात पोटावर गेला. चार पावलं ती वाकून धावली, मग मार्ग सोडून सरळ स्वच्छतागृहाकडे पळाली. मागच्या पोरी एकेक करून पुढे निघून गेल्या.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक होता. दारात क्रीडाशिक्षक होते, इतर मुली होत्या, त्यांच्या आया होत्या. आणि सगळ्यांच्या पुढे तिचा बाप.

"एवढं दूध तुझ्यात ओतलं," तो म्हणाला. "कुत्र्याला पाजलं असतं तर तेही पळालं असतं!"

एक मुलगी फिसकन हसली. भिंगरीने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पळायचे बूट शेजारच्या मुलीला देऊन टाकले. क्रीडाशिक्षक दोनदा घरी येऊन गेले. ती आतल्या खोलीतून बाहेरच आली नाही. पेलाही बंद झाला, कारण आता तो कशासाठी द्यायचा हे त्यालाच सुचेना. बापलेकीत अबोला असा धरला नव्हता. बोलायचे दोघं: जेवलीस का, दार लावून घे, आईला औषध दिलंस का. त्यापलीकडे काही नाही.

भिंगरी शिकली, एका दवाखान्यात हिशेबाच्या खिडकीवर नोकरीला लागली, लग्न करून दोन गल्ल्या सोडून राहायला गेली. मधल्या काळात त्याची बायको आजारपणात गेली. बापलेकीच्या मध्ये जो काही पूल होता, तो तिचाच होता.

नात आठेक वर्षांची झाली तेव्हा तिचंही पोट बिघडायला लागलं. जावई कामावर होता, म्हणून काडीपैलवान सोबत गेला. डॉक्टरबाईंनी पोट चाचपून पाहिलं, खाण्यापिण्याचं विचारलं आणि म्हणाल्या, "थोडे दिवस दूध बंद करून बघू. दुधात एक साखर असते, काहींना मोठं होताना ती पचेनाशी होते. दही चालेल. अंडी, डाळी, तीळ, पालेभाज्या द्या, काही कमी पडणार नाही. घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का?"

"मला," भिंगरी म्हणाली. "लहानपणापासून."

"दूध प्यायल्यावर?"

"हो. दर वेळी."

काडीपैलवान भिंतीकडच्या बाकावर बसला होता. त्याच्या मांडीवर नातीचं दप्तर होतं. ते घसरून खाली पडलं तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर त्याने तिला थांबवलं. "तू मला कधी बोलली नाहीस."

"बोलले होते, बाबा. आईही बोलली होती." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही म्हणालात, सवय होईल."

"त्या दिवशी मैदानावर... त्यामुळेच?"

"जाऊ द्या ना. आता काय त्याचं."

तिने लेकीचा हात धरला आणि रस्ता ओलांडला. तो मागे पायरीवरच राहिला.

पुढच्या आठवड्यात तो एकटाच डॉक्टरबाईंकडे गेला. स्वतःला काही दुखत नव्हतं. "एवढंच विचारायचंय," तो म्हणाला, "माझ्या पोरीला मी दूध दिलं नसतं, तर ती पुढे गेली असती का?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "ते कसं सांगणार, काका? तुम्ही चांगल्यासाठीच दिलं होतं ना."

या वाक्याने हलकं वाटेल अशी त्याची समजूत होती. झालं उलटंच. वाईटासाठी दिलं असतं, तर माफी तरी मागता आली असती, असं त्याला वाटलं.

माफी त्याने मागायचा प्रयत्न केला नाही असं नाही. दोनदा भिंगरीच्या घरी त्याच इराद्याने गेला. दोन्ही वेळा तिने चहा केला, तब्येत विचारली, खुर्ची पंख्याखाली ओढून दिली. आणि तो चहा पिऊन परत आला. तिच्या वागण्यात एवढीशी फट असती, तर त्याने तिथून काहीतरी आत सरकवलं असतं.

नात मात्र आजोबांना सगळं सांगायची. एकदा फोनवर ओरडलीच, "आजोबा, शनिवारी माझी शाळेत शर्यत आहे! तुम्ही या!"

त्याने कडक इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. शुक्रवारी भिंगरीचा फोन आला.

"बाबा, उद्या नाही आलात तरी चालेल."

"का गं? तिनेच तर बोलावलंय."



"कुणी बघत असलं की दडपण येतं," ती म्हणाली. "लहान आहे अजून. आपली मजेत पळू दे."

"बरं," तो म्हणाला.

त्याने फोन ठेवला. मग उठून शर्ट पुन्हा कपाटात अडकवला.