बारा काढायचे, तीन दाखवायचे

ओरोसच्या एका कार्यालयात मी निरोप समारंभाचे फोटो काढत होते, तेव्हा रोजामामींचा फोन आला. साहेबांना मधल्या खुर्चीत बसवायची गडबड चालली होती, म्हणून पहिल्यांदा उचललाच नाही. दुसऱ्यांदा उचलला. “सुनंदा, ते गेले गो...” एवढं बोलून मामी थांबल्या. मग आवाज सावरून म्हणाल्या, “सांजेक माणसा येतली. एक बरो फोटो होयो. घरात आसा तो लग्नातलो.” मालवणच्या बाजारात चाळीस वर्षं दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या इनासमामांचा स्वतःचा एक धड फोटो घरात नव्हता. त्या दुपारी मला रडायलाही सवड मिळाली नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

इनासमामा माझे नात्याने कोणी नव्हते. मी कणकवलीपलीकडच्या गावातली, भात-काजूच्या घरातली. लग्न होऊन मालवणात आले आणि नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीतल्या स्टुडिओत कामाला लागले. कॅमेरा चालवता येत होता, थांबवता येत नव्हता. पहिल्याच महिन्यात आचऱ्याचे एक निवृत्त गुरुजी आणि त्यांची बायको लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा फोटो काढायला आले. मी उत्साहाने दोनशे काढले आणि त्यांतले चौऱ्याण्णव संगणकावर एकामागून एक दाखवले. माझ्या मते हा प्रामाणिकपणा होता. दहाव्या फोटोपर्यंत दोघं हसत होती. तिसाव्याला गुरुजींना आपली मान वाकडी वाटू लागली. साठाव्याला बाई हळूच म्हणाल्या, “मी इतकी म्हातारी दिसतंय?” शेवटी “घराकडे जावन सांगतंव” म्हणून दोघंही उठली. घरी जाऊन कोणी काही सांगत नसतं, हे मलाही कळत होतं.

मामा आतून सगळं ऐकत होते. रागावले असते तर बरं झालं असतं. “बाय, निवडूचा काम तुझा,” ते शांतपणे म्हणाले, “ता तू तेंच्या डोक्यार घातलंस.” मी भांडले. रिळाचे दिवस गेले, आता फोटो फुकट निघतात, मग कंजुषी कशाला? “बघतल्याचे डोळे फुकट नाय गो,” एवढंच बोलून ते पुन्हा कामाला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तीन फोटो देऊन एसटीने आचऱ्याला पाठवलं. बाईंनी दोन मिनिटांत एक उचलला आणि मला सोलकढी पाजली.

मामांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या रिळात बारा फोटो बसत. कॅमेरा बदलला तरी आकडा अंगवळणी पडला तो पडलाच. आधी अर्धा तास गप्पा. गिऱ्हाईक स्टुलावर लगेच बसतं, माणूस उशिरा बसतो, असं ते म्हणत. पहिले तीन-चार नुसते कॅमेऱ्याच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून. बारावा झाला की “पुरो” म्हणून कॅमेरा खाली. फक्त लहान मुलांना सूट होती. “पोरांचे मोजू नको,” म्हणत ते स्वतःच शंभरावर जायचे. मग बारातले तीन टेबलावर मांडायचे. “एक तेका आवडतलो, एक तेच्या घरच्यांक, आणि एक माका.” मांडून झाले की मामा पडवीत जाऊन अबोलीला पाणी घालत बसायचे, कारण समोर उभं राहिलं की गिऱ्हाईक फोटो सोडून आपलं तोंड बघतं. दिवसातून पाच-सहा वेळा मिळणारं ते पाणी अबोलीने कसं सोसलं, तिलाच ठाऊक.

चुकलेही एकदा. मासे विकणाऱ्या एका मावशीने तिन्ही फोटो बघून विचारलं, “माझो हसतानाचो खंय?” पडलेला दात दिसतो म्हणून मामांनी तो आधीच पुसून टाकला होता, आणि तिला नेमका तोच हवा होता. ती पुन्हा स्टुलावर बसली, हसलीही, पण ते हसू काही परत आलं नाही. मामांनी तिची माफी मागितली. तेव्हापासून आमच्याकडे कोणाचाही फोटो पुसला गेला नाही. दाखवायचे तीन, ठेवायचे सगळे.

म्हणून तर त्या दुपारी संगणकावर मामा सापडले. अधूनमधून सकाळी दिवे तपासायला मी त्यांनाच स्टुलावर बसवायची. चारशे अकरा फोटो निघाले... चारशे अकरा मामा. सगळे मामींसमोर ठेवावेत आणि मोकळं व्हावं, असं मनात आलं. लॅपटॉप बगलेत मारून आतल्या घराच्या दारापर्यंत गेलेही. मग आचऱ्याच्या बाई आठवल्या आणि परत येऊन बसले. चार वाजता तीन छापले. एक चर्चच्या सणाचा, फेस्ताच्या दिवशीचा, कोटातला. तो मामांना आवडला असता. दुसरा मंद हसणारा, त्यांच्या लेकीसाठी. तिसरा माझा. तपासणी लांबली की मामा कंटाळून “पुरो गो” म्हणायचे, तेव्हाचा. ‘पु’वर ओठांचा चंबू झालेला. शवपेटीजवळ ठेवायचा फोटो नव्हेच तो. तरी ठेवला.

मामींच्या पुढ्यात तीन मांडले आणि पडवीत जाऊन अबोलीला पाणी घालत राहिले. आतून आवाज आला, “ह्यो.” चंबूवाला त्यांच्या मांडीवर होता. “भात वाढताना रोज ह्याच तोंड करीत,” मामी म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघी रडलो.

आज पाच आठवडे झाले. त्याच फोटोची एक प्रत मी स्टुडिओत लावली आहे, स्टुलाच्या मागे, पडद्याच्या वर, फक्त फोटो काढणाऱ्याला दिसेल अशी. मामांचे केवढे उपकार आहेत माझ्यावर, हे त्यांना कधी तोंडाने सांगितलं नाही. काल एक नवरी मुलगी आली होती. अकरावा फोटो फार सुरेख आला, बारावा त्याहून. बोट तेराव्यासाठी शिवशिवत होतं. वर बघितलं... कॅमेरा खाली ठेवला, तीन फोटो टेबलावर मांडले आणि पाण्याचा तांब्या घेऊन पडवीत गेले.