आधी बाई काट्यावर

मी पोरांची खोटी वजनं लिहायचे.

आज आमचे गायकवाड सर गेले, म्हणून हे लिहिते. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. आता मीच सांगते.

किन्हवलीच्या पुढे आत, दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळा. मी मुरबाडहून एसटीने यायचे. नोकरी नवी, तोंड फटकळ, आणि सगळं येतं असा समज.

जुलैमध्ये प्रत्येक मुलाच्या आरोग्य कार्डावर वजन भरायचं असे. आमचा वजनकाटा बिघडलेला. मग मी काय करायचे? मागच्या वर्षीचा आकडा घ्यायचा, त्यात दोन मिळवायचे. अर्ध्या तासात अख्खी शाळा उरकली!

सगळेच असं करायचे, असं मी स्वतःला सांगायचे.

गायकवाड सर आमचे केंद्रप्रमुख. पंधरा शाळा त्यांच्याकडे. कार्डं चाळता चाळता थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले,

"बाई, तुमच्या शाळेत सगळी पोरं बरोबर दोन-दोन किलोनेच वाढतात? युरिया घालता का काय?"

मला वाटलं, हसण्यावारी गेलं. सुटले.

कसली सुटते! दुसऱ्या दिवशी स्कूटरच्या मागे गोणपाटात गुंडाळलेला वजनकाटा बांधून सर दारात हजर.

काटा बघून पोरं पळाली. वजन झालं की सुई टोचतात, अशी त्यांची ठाम समजूत. दोघं तर संडासात लपले.

सर ओरडले नाहीत. व्हरांड्यात काटा मांडला आणि म्हणाले, "आधी बाई."

मी साडी सावरत चढले. सरांनी खड्या आवाजात वाचलं, "बासष्ट!" पोरं खिदळायला लागली. माझं तोंड एवढंसं झालं. मनात सरांना काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

पण रांग लागली. लपलेलेही आले.

चौथीतली वनिता चढली. सरांनी तिला उतरवलं, परत चढवलं.

साडेसोळा.

माझ्या कार्डावर एकवीस.

ही पोरगी वर्गात रोज डोकं टेकून बसायची. मी तिला झोपाळू म्हणायचे, सगळ्यांसमोर. एकदा उभंही केलं होतं तासभर. आजही ते आठवलं की स्वतःचा राग येतो.

सर खाली बसले, तिच्याशी हळू बोलले. खोकला कधीपासून, ताप येतो का. रोज संध्याकाळी अंग तापतं म्हणाली. मला हे माहीतच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

मग सरांनी कार्ड माझ्यापुढे धरलं.

"बाई, हिचं साडेचार किलो गेलं कुठं? तुमच्या कार्डावर तर हाये."

बस्स. एवढंच बोलले.

सरांनी बोलावलं तशी तिची आई चिखलातून तशीच आली. बाप नव्हता, भाताचं आवण उपटून ठेवलेलं, एकटी बाई. म्हणाली, "लावणी उरकू द्या सर, मग नेतू. आता आमी कसं येणार?"

तिचंही खरंच होतं हो. तिला दोष देणारी मी कोण?

सर मला म्हणाले, "तुम्ही न्या तिला शहापूरला. तुमचा वर्ग मी घेतो."

केंद्रप्रमुख माणूस दोन दिवस माझ्या चौथीला भागाकार शिकवत बसला. मी वनिताला घेऊन सरकारी दवाखान्यात. एसटीत ती माझ्या मांडीवर झोपली. काहीच वजन नव्हतं तिला.

टीबी निघाला. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर उशीर झाला असता तर अवघड होतं.

पुढे सहा महिने एक दिवसाआड गोळ्या. शाळेत गरम खिचडी नुकती सुरू झाली होती. ती खाल्ली की माझ्या समोर गोळ्या घ्यायच्या. आणि दर शनिवारी काटा. आधी मी, मग ती.

सरांनी माझ्यावर एका ओळीचा शेरासुद्धा मारला नाही. फक्त तो काटा पंधराही शाळांत फिरायला लागला, आणि सगळीकडे एकच नियम, आधी गुरुजी किंवा बाई. आम्ही शिक्षक पाठीमागे त्यांना 'मापाडी' म्हणायचो. मीसुद्धा.

सरांना माहीत होतं. हसायचे.

गेल्या वर्षी सर आजारी पडले. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पण सर काट्यावर पाय ठेवेनात. सूनबाईंचा मला फोन आला, "बाई, तुमचं ऐकतील, या ना."

गेले. कॉटखालून काटा ओढला. तोच जुना. सरांनी तोंड फिरवलं.

मी म्हटलं, "आधी बाई," आणि चढले. "एकाहत्तर, सर."

सर इतके हसले की खोकला आला. मग माझा हात धरून उभे राहिले.

बेचाळीस.

सूनबाई मागून खुणावत होत्या, वाढवून सांगा.

"किती?" सरांनी विचारलं. चष्मा नव्हता.

"बेचाळीस, सर."

"अंदाजे नाय ना?"

"नाही सर. बघून सांगतेय."

"मग लिहा."

त्यानंतर दर रविवारी जात राहिले. आधी मी, मग सर. वजनाची वही माझ्याच हाती दिली होती त्यांनी.

आज सरांच्या घरी वनिता आली होती, आटगावहून, कडेवर गुटगुटीत पोर घेऊन. त्रिशरण सुरू झालं तेव्हा आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो. ती रडत होती. मीही.

सर, जय भीम.

वहीत येत्या रविवारचा रकाना कोराच ठेवलाय. त्यात मी काही भरणार नाही.