कॅप्सूलमधली हळद

माझा नवरा म्हणतो, मी देवळातला प्रसादसुद्धा हुंगून तोंडात टाकते. खोटं नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीख, गोळ्यांच्या पट्टीवरची तारीख, भाजीवाल्याचा काटा, सगळं मी बघते आणि वर विचारतेही. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका फार्मसी कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. औषधांवरची नियतकालिकं कपाटात लावता लावता ती वाचायची खोड लागली. वाचून माणूस शहाणा होतो म्हणतात. माझा मात्र संशय तेवढा वाढला.

त्यामुळे दिवाळीला माहेरी गेले, तेव्हा दादाच्या ताटाशेजारची पांढरी बाटली मला भाताआधी दिसली. दादा माझा थोरला भाऊ. फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झाला आणि आता शिराळ्याच्या बाजूची आमची शेती बघतो. ऊस आणि हळद. गुडघे फौजेनं ठेवून घेतले, बाकीचा मी परत आलो, असं तो सांगतो.

"हे काय रे?" मी विचारलं.

"हळदीची कॅप्सूल. गुडघ्याला लय भारी."

"घरात पोत्यांची थप्पी लागलीय आणि तू हळद विकत आणतोस?"

"अगं, ती खायाची. ह्यो अर्क हाय. शास्त्रानं सिद्ध झालंय."

पलटणीतला त्याचा एक जुना दोस्त आता हेच विकत फिरत होता. त्यानं दादाला सांगलीत एका हॉलमध्ये नेलं होतं. तिथं पडद्यावर पांढऱ्या कोटातली परदेशी माणसं दाखवली, एका बाईनं माईकवर येऊन आपण कशा काठी टाकून चालायला लागलो ते सांगितलं, मग टाळ्या. बाटलीवरही ठळक अक्षरात छापलं होतं, ‘शास्त्रीय पुराव्याने सिद्ध’. कुणी विचारलेलं नसताना जो पुरावा पुरावा करतो, त्याच्या बाबतीत मला चोराच्या मनात चांदणंच दिसतं. बाटलीबरोबरचं माहितीपत्रक मी पर्समध्ये घातलं. वहिनी हसत म्हणाली, "न्या वन्सं, न्या. तुमच्या लग्नातली हळद बी तुमी हुंगूनच लावून घेतलेली."

सांगलीला आल्यावर मी त्या पत्रकात नावं दिलेले अभ्यास एकेक करून शोधले. काही काचेच्या बशीत ठेवलेल्या पेशींवर झाले होते. काही उंदरांवर. उंदराचा गुडघा आणि दादाचा गुडघा एक धरायला माझी तयारी नव्हती. माणसांवरचेही होते, पण माणसं थोडी आणि काळ थोडा. त्यातल्या काहींच्या शेवटी बारीक अक्षरात कबुली होती की खर्च अर्क विकणाऱ्यांनीच केला. इथपर्यंत मी खूश होते. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर गुडघेदुखीच्या बाबतीत पुरावा अगदीच पोकळ नव्हता. काही लोकांना खरोखर थोडं बरं वाटलं होतं. याचा मला राग आला. निखळ थाप असती तर किती सोपं झालं असतं.

मग मी कॅप्सूलमध्ये काय काय घातलंय ते त्याच पत्रकावर नीट वाचलं. हळदीच्या अर्काबरोबर काळ्या मिरीचा अर्क होता. कारण साधं आहे. हळदीतलं ते पिवळं द्रव्य आपल्या अंगी फारसं लागतच नाही, बरंचसं तसंच बाहेर पडतं. मिरीच्या अर्कामुळे ते कितीतरी जास्त रक्तात उतरतं. म्हणजे आमटीतली हळद आणि ही हळद यांचं फक्त आडनाव एक. आणि असा अर्क घेणाऱ्या काही थोड्या लोकांच्या यकृताला सूज आल्याच्या, त्यांना कावीळ झाल्याच्या नोंदीही मला दुसरीकडे सापडल्या. माहितीपत्रकात त्यांचा उल्लेख नव्हता.

मी फोन केला. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आपल्या चार पिढ्या हळदीत लोळल्या. हळदीनं कुणाचं वाईट झाल्यालं तू ऐकलंस का कवा?"

"ही ती हळद नव्हे, दादा."

"माझा गुडघा माझ्यासंगं बोलतो, तुझ्यासंगं न्हाई," तो म्हणाला आणि उसाच्या तोडीकडे वळला. पालथ्या घड्यावर पाणी. पुढं दर फोनला मी विषय काढायची आणि तो फोन वहिनीकडे द्यायचा.

शिमग्याच्या आधी मी पुन्हा गावी गेले. हळदीचा हंगाम भरात होता. शिजवलेली हळद खळ्यावर वाळत पडली होती, एकीकडे वाळलेली हळद घासून गुळगुळीत करणारा पॉलिशचा ड्रम फिरत होता आणि त्यातून उडणारी धूळ माणसांवर, म्हशींवर, तारेवरच्या कपड्यांवर बसत होती. या दिवसांत आमच्याकडे सगळेच पिवळे असतात. हात, नखं, बनियनचा गळा, उशीचे अभ्रेसुद्धा. त्याकडे कुणी लक्ष देत नाही.

दादा ड्रमपाशी उभा नव्हता. ओसरीवर आडवा पडून पोटऱ्या खाजवत होता. जेवायला बसला आणि दोन घास खाऊन उठला. मटणाच्या रश्श्याला या माणसानं आयुष्यात कधी पाठ दाखवलेली नाही.

"किती दिवस असं?" मी वहिनीला विचारलं.

"हंगामाचा शीण हाय वन्सं. धुळीनं खाजतंय. अंगबी पिवळं पडलंय, पर ते तर आमा सगळ्यांचंच पडलंय की." तिनं आपले दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. खरंच, झेंडूसारखे पिवळे होते.

मी दादाला हाताला धरून अंगणात उन्हात उभं केलं. तो कुरकुरत होता. मी त्याची खालची पापणी ओढली. हळदीची धूळ कातडीवर बसते, नखात बसते. डोळ्यातल्या बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागात बसत नाही. दादाचे डोळे लिंबाच्या सालीसारखे झाले होते. लघवीचा रंग विचारला तर म्हणाला, "चहासारखी हुतीया. हळदीत काम केल्यावर हुनारच." मला रडूही आलं आणि त्याला एक ठेवून द्यावीशीही वाटली. शेजारचे एक काका काविळीवरची मुळी आणायला निघाले होते. आता आणखी एक झाडपाला नको, असं मी त्यांना जरा जोरातच सांगितलं आणि गाडी काढायला लावली.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?"

"काय बी न्हाई," दादा अभिमानानं म्हणाला. "बीपीची बी गोळी न्हाई मला."

मी पर्समधून बाटली काढून टेबलावर ठेवली. निघताना त्याच्या कोनाड्यातून उचलली होती.

"मग हे काय?" डॉक्टर म्हणाले.

"ते औषध न्हाई साहेब. हळद हाय ती."

तो खोटं बोलत नव्हता. आमच्या घरात हळद कधी औषधात धरलीच जात नाही. खरचटलं की हळद, खोकला आला की हळद, आणि डॉक्टरांकडे गेलो की म्हणायचं, अजून काहीच केलेलं नाही.

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, पित्ताशयात खडे नाहीत, नेहमीच्या काविळीचे विषाणू नाहीत. दारूला दादा फौजेतून आल्यापासून शिवलेला नाही. एकेक कारण गळत गेलं आणि ती बाटली उरली. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक हिचंच काम. शंभर टक्के मी सांगू शकणार नाही. हे बंद करायचं आणि यकृत सावरतंय का ते बघायचं." या सगळ्या प्रकरणात ‘शंभर टक्के’ म्हणायला नकार देणारा हा पहिलाच माणूस. मला त्यांच्यावर विश्वास ठेवावासा वाटला, आणि तसं वाटल्याचं नवलही वाटलं.

"सावरलं न्हाई तर?" दादानं विचारलं. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आधी थोडे दिवस जाऊ द्या म्हणाले.

त्याला दाखल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेले तर तो उठून बसला होता, चेहरा पार उतरलेला. मला वाटलं, रक्तातले काविळीचे आकडे वाढले. तो म्हणाला, "तुझ्या वहिनीचं डोळं बघ."

"का?"

"तिला बी देत हुतो. रोज सकाळी. तिचं गुडघं काय दुखत न्हाईत, पर पुढं दुखू नयेत म्हणून. तुला सांगायचं न्हाई, असं तिला बजावलं हुतं."

आमच्याबरोबर आलेली वहिनी म्हशींसाठी रात्रीच गावी परतली होती. मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. ती खळ्यावर उभी होती. मागं हळद, अंगावर हळद, त्यात तो फोन. पडद्यावर सगळंच पिवळं दिसत होतं. मला काही म्हणजे काही कळेना. "आहे तशी गाडीत बसून या," एवढंच म्हटलं. ती येईपर्यंत दादा दाराकडे बघत बसला. त्यानं डबा उघडला नाही.

ती आली. खिडकीशी नेऊन मी तिच्या पापण्या ओढल्या. डोळे पांढरे स्वच्छ होते. तरी मी रक्त द्यायला लावलं, संध्याकाळी रिपोर्ट आला, त्यात काही नव्हतं. तीच बाटली, तीच सकाळ, एकाला बाधली आणि एकीला नाही. का, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना.

रिपोर्ट ऐकल्यावर दादानं डोळे मिटले. मला आता बोलल्याशिवाय राहवेना. मी वहिनीला म्हटलं, "मी एवढं सांगत होते फोनवर, तुम्ही पण ऐकत होता. गुडघे दुखत नव्हते, काही नव्हतं. त्या सभेतल्या लोकांवर विश्वास बसला की हळद आहे म्हणून घेतलीत?"

"मला काय त्यातलं कळतंय वन्सं," ती डबा उघडत म्हणाली. "ह्यांनी हातावर ठेवली, म्हणून घेतली."

दादानं भिंतीकडे तोंड फिरवलं. ती पोळी कुस्करून त्याच्यापुढं धरून बसली होती, आणि त्याला तो घास काही केल्या घेता येईना.